‘आपोआप जुळतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोजेक्शनबद्दल, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीबद्दल, मी लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘क्यूजीआयएस लेयर (नकाशातले माहितीचे थर) आपोआप जुळवून घेतं, प्रोजेक्शनचा बाऊ करणारे लोक नवशिक्यांना उगाच घाबरवतात,’ असं तुम्ही लिहिलंत. चूक जरूर दाखवा, पण ‘घाबरवतात’ हा शब्द लागला. १२ वर्षं रोज हेच काम करतोय, आणि लेखातला तो भाग नवशिक्यांचे नकाशे चुकू नयेत म्हणूनच लिहिला होता.

तुमचं एक बरोबर: लेखात ४३२६ (अंशांतल्या अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या पद्धतीचा कोड) ऐवजी ४२३६ पडलं होतं. तोही ईपीएसजी या निर्देशांक पद्धतींच्या यादीतला खराच कोड, पण भलत्याच डेटमचा (पृथ्वीचा आकार आणि जागा धरायच्या मापाचा). दुरुस्त केलंय.

आता ‘आपोआप’चं. आपोआप जुळतं ते पडद्यावर. फाइलमधले आकडे जागचे हलत नाहीत. ४३२६ मधल्या लेयरवर बफर (वस्तूभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) चालवून बघा: अंतराच्या चौकटीशेजारी एकक ‘डिग्री’ दिसतं आणि इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण. तिथे ५०० टाकलंत की ते ५०० अंश. मग कुणीतरी सांगतं, ०.००५ टाका, अर्धा किलोमीटर होतो. विषुववृत्ताजवळ चालून जातं. ६० अक्षांशावर मात्र तोच बफर उत्तर-दक्षिण सुमारे ५५७ मीटर आणि पूर्व-पश्चिम जेमतेम २७९. पडद्यावर वर्तुळ, जमिनीवर लंबगोल, आणि एरर एकही नाही! त्यात किती घरं येतात ते मोजून अहवालात टाकलं, तर ती चूक पकडणार कोण?

३८५७ (वेब नकाशांचं मीटरमधलं प्रोजेक्शन) घेऊनही सुटका नाही. ६० अक्षांशावर तिथे लांबी दुप्पट दिसते, क्षेत्रफळ चौपट. ५०० मीटरचा बफर प्रत्यक्षात २५० चा.

म्हणून यूटीएम: पृथ्वीचे ६-६ अंशांचे उभे झोन, प्रत्येकाचं मीटरमधलं वेगळं प्रोजेक्शन. रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, पूर्णांकात १ मिळवा. पूर्व रेखांश १० साठी झोन ३२. उत्तर गोलार्धात कोड ३२६३२, दक्षिणेत ३२७३२. हे ‘रीप्रोजेक्ट लेयर’नेच करा. ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशांक पद्धत) फक्त पाटी बदलतं: १० आणि ६० हे अंश तसेच राहतात, मीटर समजले जातात आणि अख्खा जिल्हा विषुववृत्तापाशी काही मीटरांच्या ठिपक्यात गोळा होतो. ‘लेयर गायब झाला’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

लेख लांबला, रंग भडक झाले, यावर वाद घालत नाही.

तुमच्याच लेयरवर अंशांतला आणि यूटीएममधला असे दोन्ही बफर काढा, एकावर एक ठेवा आणि मग लिहा. त्या वेळी ‘लोक’ न म्हणता थेट मला लिहिलंत तर बरं.