लक्ष्मणफळ केमोथेरपीची जागा घेऊ शकत नाही

गेली काही वर्षं घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा १०,००० पट प्रभावी आहे, ते फक्त कॅन्सरच्याच पेशी मारतं, दुष्परिणाम शून्य, आणि औषध कंपन्यांनी हे दाबून ठेवलं आहे. घरात कुणाला कॅन्सर निघाला की कोणीतरी नातेवाईक मायेपोटी हा मेसेज पाठवतो आणि वाळलेल्या पानांचं पाकीट घरी येऊन पडतं.

१०,००० हा आकडा खरा आहे, पण वेगळ्याच गोष्टीचा. १९९६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी या झाडाच्या बियांमधून काही संयुगं वेगळी काढली. त्यातलं एक, प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका प्रकारच्या पेशींवर, ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधाच्या १०,००० पट तीव्र ठरलं. मेसेजमध्ये बियांच्या जागी गर आणि पानं आली, पेशींच्या जागी पेशंट आला. या फळाने किंवा पानांनी माणसाचा कॅन्सर बरा होतो असं सिद्ध करणारी एकही चाचणी नाही.

‘निरोगी पेशींना धक्का लागत नाही’ हा भाग सगळ्यात घातक. ही संयुगं पेशीतली ऊर्जा तयार करण्याची यंत्रणाच बंद पाडतात, आणि ती यंत्रणा निरोगी पेशीतही असते. सीताफळ याच कुळातलं. त्याच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना ‘डोळ्यात जाऊ देऊ नको’ असं आजी बजावायची, ते उगाच नाही. त्या पुडीने डोळ्यांना गंभीर इजा झालेले पेशंट आपल्याकडच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर हे फळ आणि पानांचा काढा नेहमीच्या वापरातला. तिथे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसतो आणि त्याचा या सेवनाशी संबंध असावा, असं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नेमकं कारण हेच, हे पूर्ण सिद्ध झालेलं नाही. पण ‘दुष्परिणाम शून्य’ म्हणायला जागा उरत नाही.

कंपन्यांनी दाबलं म्हणता? मग आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाकडे बघा. त्यात कॅम्पटोथेसिन असतं, आणि त्यापासून इरिनोटेकन, टोपोटेकन ही कॅन्सरची औषधं बनतात. मागणी इतकी वाढली की कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड झाली. कॅम्पटोथेसिन शोधणाऱ्यांपैकी एक होते मनसुख वाणी, जन्माने नंदुरबारचे. टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही त्यांनी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनीच झाडाच्या सालीतून काढलं. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध मिळालं. झाडात खरंच औषध सापडलं की कंपन्या त्यावर तुटून पडतात.

कुणी लक्ष्मणफळाला रामायणकाळापासूनचं औषध म्हणतात. झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. आपल्याकडे ते युरोपियनांबरोबर आलं.

उरतं ‘घेऊन बघायला काय हरकत?’ हरकत वेळेची आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, बरा होण्याजोग्या टप्प्यावर असताना फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला.

पिकलेलं फळ बिया काढून कधीतरी खायला हरकत नाही. आंबटगोड पांढरा गर छान लागतो. केमो चालू असताना मात्र काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पानांच्या अर्काने प्राण्यांमध्ये रक्तदाब आणि साखर उतरल्याच्या नोंदी आहेत, आणि या दोन्हींच्या गोळ्या घेणाऱ्याला ते महागात पडू शकतं.