घंटागाडी येते तेव्हा आम्ही कंपनीत असतो

‘लोकांना शिस्त नाही म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याचे ढीग साचतात,’ हे शहरातल्या कचऱ्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. मी अंबडच्या एमआयडीसीत कामाला आणि मिस्टर सातपूरच्या, दोघंही पहिल्या शिफ्टला. सकाळी साडेसहाला घराला कुलूप लागतं आणि घंटागाडी येते नऊ-साडेनऊला, कधी दहाही वाजतात. नाशिकमध्ये कोपऱ्यावर कुंड्या नाहीत, त्यामुळे कचरा द्यायचा तो घंटागाडीतच. शेजारच्या काकू आमची बादली देतात म्हणून आमचं निभावतं. त्या गावाला गेल्या की ओला कचरा दोन-दोन दिवस गॅलरीत. मेथीची देठं, कांद्याची सालं, उन्हाळ्यात त्याला काय वास सुटतो ते घरात राहणाऱ्यालाच माहीत! आमच्या गल्लीत निम्मी घरं अशीच, एमआयडीसीतली. रात्री कोणी पिशवी कोपऱ्यावर ठेवतो ते चूकच आहे, पण त्याला बेशिस्त म्हणण्याआधी गाडीची वेळ तरी विचारा. कामगार वस्तीत संध्याकाळी सहानंतर एक फेरी ठेवली तर निम्मे ढीग दिसणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. लेखात फक्त ओला आणि सुका कचरा आलाय. केंद्र सरकारच्या २०१६च्या घनकचरा नियमांतच घरातला घातक कचरा हा तिसरा प्रकार होता, आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचे असंही त्यात सांगितलं होतं. गाडीवरचे दादा हे सगळं उघड्या हातांनी निवडतात. निदान त्यांच्यासाठी तरी हे लिहायला हवं होतं.