गाडी रात्रभर का ठेवली, त्याचं उत्तर

नमस्कार सर, तुम्हाला त्रास झाला, धंद्याची व्हॅन एक दिवस बंद राहिली, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की ऑक्सिजन सेन्सरचा (इंजिनच्या धुरात ऑक्सिजन किती ते मोजतो तो) लाइट होता, अर्ध्या तासाचं काम, सेन्सर बदललाच नाही आणि गाडी रात्रभर अडकवून लेबर लावलं. हे वाचून खूप लागलं. गाडी अडकवली नव्हती हो, थंड व्हायला ठेवली होती.

स्कॅनरवर पुढच्या, म्हणजे इंजिनजवळच्या सेन्सरचा बिघाडाचा कोड आला हे खरंय, पण कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. वायर उंदराने कुरतडली, कनेक्टरमध्ये पाणी गेलं, सेन्सरच्या आधी धुराच्या पाइपला कुठे लीकेज असलं तरी तोच लाइट पेटू शकतो. चांगला सेन्सर गरम झाला की ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो, तुमचा खालीच चिकटला होता, म्हणजे धुरात ऑक्सिजन जास्त दाखवत होता. म्हणून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं तिथे, थोडा कार्ब क्लीनर (जळणारा स्प्रे) मारून बघितला तर आकडा लगेच वर. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, त्याला बाहेरची हवा लागतेय, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतंय पेट्रोल कमी पडतंय म्हणून तो जास्त पेट्रोल ओततोय. तुमचं अ‍ॅव्हरेज पडलं होतं ते यामुळेच.

आता रात्रीचं सांगतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप, त्याच्या पॅकिंगचं बारीक लीकेज गरम इंजिनवर पकडणं अवघड, धातू तापून फुगतो, फट दबते, आवाज जातो. सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच टक टक ऐकू येतं. तुम्ही संध्याकाळी एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधून तापलेली गाडी घेऊन आलात, मी काय करणार? सकाळी आवाज मिळाला, पॅकिंगच्या कडेला काजळीची काळी रेघ पण दिसली. त्यात मुंबईची खारी हवा, जुनी गाडी, नट गंजून बसलेले, तेल सोडून थांबलो नसतो आणि जोर लावला असता तर नट ज्यावर बसतो तो स्टड तुटला असता, मग तो खर्च कोणी भरला असता?

तुम्ही चार गिऱ्हाइकांसमोर आमच्या पोराला ओरडलात की नुसता लाइट घालवून दे. स्कॅनरने दोन मिनिटांत जातो सर, पण बिघाड तसाच राहिला तर परत येतो. नवीन सेन्सर टाकून मोठं बिल पण करता आलं असतं, केलं नाही. या गॅरेजवर माझं आणि पोरांचं घर चालतं, आणि खोटं काम करून गिऱ्हाईक टिकत नाही एवढं मला कळतं.

यापुढे गाडी का थांबवतोय ते आधीच नीट सांगायचं, जमलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पण टाकायचे, असं पोरांना सांगितलंय. तुमचं जुनं पॅकिंग ठेवलंय, दुपारची जेवणाची वेळ सोडून कधीही या, दाखवतो. लाइट परत लागला असेल तर गाडी सकाळी थंडच आणा, चेक करायचे पैसे घेणार नाही.