एक मायक्रोसेकंद सगळ्यांना पुरतो?

कन्व्हर्टरचा कंट्रोलर तपासताना खऱ्या सर्किटच्या जागी रिअल-टाइम सिम्युलेटर लावतात; तो ठराविक स्टेपने, म्हणजे दर इतक्या वेळाने एकदा, सर्किटचं उत्तर काढतो. याला हार्डवेअर-इन-द-लूप (एचआयएल) म्हणतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांमध्ये एक विधान सारखं फिरत असतं: "रिअल-टाइम सिम्युलेटरची स्टेप १ मायक्रोसेकंद असली की कुठलाही कन्व्हर्टर चालतो. कमी पडलं तर वेगवान प्रोसेसर लावा. आणि एचआयएलवर कंट्रोलर पास झाला की खऱ्या बोर्डावर तपासायला काही उरत नाही."

५० हर्ट्झच्या थायरिस्टर रेक्टिफायरला १ मायक्रोसेकंद म्हणजे चैन आहे. एका आवर्तनात २०,००० स्टेप बसतात. पण १०० किलोहर्ट्झच्या स्विचिंगला आवर्तनच १० मायक्रोसेकंदांचं. तेवढ्यात सिम्युलेटर स्विच चालू-बंद करणाऱ्या गेट सिग्नलकडे जेमतेम दहादा बघतो. ४०० व्होल्टवरच्या बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) कन्व्हर्टरला ४५ टक्के ड्यूटी दिली, म्हणजे आवर्तनाच्या ४५ टक्के वेळ स्विच चालू ठेवला, तर १८० व्होल्ट यायला हवेत. पण साडेचार मायक्रोसेकंदांचा पल्स त्याला चारचा तरी दिसतो, नाहीतर पाचचा. उत्तर १६० किंवा २००! स्विचिंग ९९.९ किलोहर्ट्झ ठेवलं तर त्याचा दहावा हार्मोनिक स्टेपच्या १ मेगाहर्ट्झशी भिडतो आणि करंटमध्ये १ किलोहर्ट्झची लाट उमटते. खऱ्या सर्किटमध्ये ती नसतेच. माणूस बिचारा कंट्रोलरचे पीआय गेन बदलत बसतो.

प्रोसेसर वेगवान करून हे सुटत नाही, कारण सीपीयूकडे सिग्नल नेण्या-आणण्यातच काही मायक्रोसेकंद जातात. म्हणून एफपीजीए, म्हणजे हवं ते लॉजिक थेट हार्डवेअरमध्ये बसवता येणारी चिप. पण तिथेही n स्विच म्हटले की 2ⁿ अवस्था: ६ स्विचना ६४, १२ ना ४०९६. प्रत्येकीचं सर्किट सोडवायचं मॅट्रिक्स साठवायचं कुठे? त्यावरची जुनी युक्ती म्हणजे चालू स्विच छोटा इंडक्टर आणि बंद स्विच छोटा कपॅसिटर मानायचा. दोघांचा कंडक्टन्स सारखा निवडला की मॅट्रिक्स बदलतच नाही. मात्र दर स्विचिंगला थोडी खोटी ऊर्जा खर्च होते, आणि फ्रिक्वेन्सीबरोबर हा खोटा लॉस वाढतो. मला त्यापेक्षा दुसरा उपाय पटतो: गेट सिग्नलचे काठ (चालू-बंद होण्याचे क्षण) काही नॅनोसेकंदांच्या अचूकतेने टिपायचे आणि स्टेपच्या किती भागात स्विच चालू होता ते मॉडेलला द्यायचं. साडेचार मग साडेचारच राहतात.

तिसरा मुद्दा, एचआयएलवर पास म्हणजे सगळं झालं, थोडक्यात. सिलिकॉन कार्बाइडचे दहा-वीस नॅनोसेकंदांचे काठ, स्ट्रे इंडक्टन्समुळे होणारं रिंगिंग, गेट ड्रायव्हरचं चुकून ऑन होणं, उष्णता: यातलं काहीच आदर्श स्विचच्या मॉडेलमध्ये नसतं. प्रोटेक्शन लॉजिक, शॉर्ट सर्किट, सेन्सर निकामी होणं अशा चाचण्या काही न जाळता शंभरदा करायला मात्र एचआयएलला तोड नाही.

आपला सिम्युलेटर काय बघतो हे तपासायचं असेल तर वरच्याच सर्किटमध्ये, सिंक्रोनस बक (डायोडच्या जागी दुसरा स्विच) धरून, लूप उघडा (ड्यूटी स्थिर) ठेवा आणि डेड टाइम (दोन्ही स्विच बंद ठेवायचा काळ) २०० वरून ४०० नॅनोसेकंद करा. करंट सतत आणि एकाच दिशेने वाहत असेल तर आउटपुट ८ व्होल्टने खाली यायला हवं. आकडा जागचा हललाच नाही, तर डेड टाइम त्याला दिसतच नाहीये.