चारशेसातची उलटी बॅटरी

गाडीच्या बॅटरीचे दोन खुंटे सारख्या जाडीचे नसतात. प्लसचा जाड, मायनसचा बारीक. घाईतल्या माणसाने ती उलटी जोडू नये, म्हणून ही सोय. ज्याने कुणी ती केली, त्याने जगभरातले घाईतले लोक डोळ्यांसमोर आणले असतील, नाशिकजवळच्या मखमलाबादचा मी तेवढा त्याच्या नजरेतून सुटलो.

आमची गाडी 1994 सालची टाटा 407. हे मॉडेल 1986 ला आलं, पण आमच्या गाडीकडे बघून ती त्याआधीची असावी असं वाटतं. द्राक्षांचे क्रेट, शेणखत, मंडळाचा गणपती, चुलत मेहुण्याचं वऱ्हाड, सगळं तिने वाहिलं. आप्पांचा तिच्यावर एवढा जीव, की माझ्या लग्नात हार आधी तिला घातला होता.

तर पुतण्याने रात्री केबिनमध्ये बसून मोबाईलवर मॅच बघितली आणि दिवा तसाच ठेवून झोपायला गेला. सकाळी सेल्फ मारला तर गाडी ‘टिक्’ एवढंच बोलली. बॅटरी काढून स्कूटरवर घातली, चार्जिंगला नेली, संध्याकाळी परत आणली. तेव्हा नेमकी लाईट गेलेली. पुतण्याने मोबाईलचा टॉर्च धरला, त्यातला निम्मा उजेड स्वतःच्या तोंडावर.

दोन्ही केबल काळ्या. पूर्वी कधीतरी लाल केबल तुटली तेव्हा आप्पांनी हाताला आली ती काळी लावली होती. मी अंदाजाने एक क्लॅम्प उचलली. ती बसेना. म्हटलं गंज असेल, पान्याने ठोकून बसवली. दुसरी गदागदा हलायला लागली. म्हटलं झिजली असेल, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तिच्यात सारला. बायको ओट्यावरून म्हणाली, “अहो, सकाळी काढली तेव्हा तर नीट बसलेली होती ना?”

मी म्हटलं, “तू कुकर बघ.”

क्लॅम्प टेकली तशी चर्रर्र करून ठिणगी उडाली आणि केबिनचा दिवा लागला. “काका, लागली!” पुतण्या ओरडला. लागली होती खरीच. बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला आणि रबर जळाल्याचा तो वास, जो एकदा नाकात गेला की आठवडाभर चहालाही येतो. आता बॅटरी सोडवायला गेलो, तर ठोकून बसवलेली क्लॅम्प काही निघेना. शेवटी पत्र्यावालीच हाताला आली. माझ्या त्या संध्याकाळच्या कामातलं जे कच्चं होतं, तेवढंच कामी आलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आडगाव नाक्याला न्यायची होती. जुनं डिझेल इंजिन, एकदा फिरलं की त्याला विजेची गरज नाही. गल्लीतल्या पोरांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडी खोकत सुरू झाली. पण हॉर्न नाही, इंडिकेटर नाही. पेठ नाक्यापासून पुढे पुतण्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकून ‘ओ दादा, ओ मावशी’ करत होता. हॉर्नला जे लोक सरकत नाहीत ते मावशी म्हटल्यावर सरकले, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

इलेक्ट्रिशियन चाचांनी बॉनेट उघडलं, वास घेतला आणि विचारलं, “शेठ, उलटी कोणी लावली?”

“लागली,” मी म्हटलं. मराठीत ही एक फार चांगली सोय आहे.

चाचांनी डायनामो खोलला. त्याला अल्टरनेटर म्हणायचं असतं, पण नाक्यावर तसं म्हटलं तर पन्नास रुपये जास्त लागतात. आत डायोडची प्लेट असते, मोठे सहा डायोड. डायोड म्हणजे करंटचा वन-वे. डायनामोकडून बॅटरीकडे जाऊ देतो, उलटं येऊ देत नाही. बॅटरीच उलटी लागली, की हा वन-वे तिच्यासाठी सरळ मोकळा रस्ता होतो, अख्खी बॅटरी त्या प्लेटमधून शॉर्ट होते आणि मधली वायर शेगडीच्या कॉईलसारखी तापते. बल्बला मात्र करंट कुठून आला याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून तो बिचारा लागला होता.

“पण फ्यूज का नाही उडाला?”

“डायनामोच्या वायरवर तो नव्हताच. आणि जिथं पाहिजे होता तिथं हे आहे.” चाचांनी फ्यूजच्या जागी वेटोळी करून बसवलेली तांब्याची तार दाखवली. आप्पांचा हात मी लगेच ओळखला.

मग जळालेलं वायरिंग सोडवायला घेतलं आणि आमच्या घराण्याचा इतिहास बाहेर यायला लागला. पाठीमागच्या दिव्यांना विहिरीवरच्या मोटरीची लाल-पिवळी-निळी केबल. हॉर्नला दाराच्या बेलची वायर. वायपरच्या जोडावर टेपऐवजी रबराचा तुकडा, वर सुतळी. डाव्या इंडिकेटरला चक्क दिवाळीच्या तोरणाची हिरवी वायर, तिच्यातला एक मिणमिणता बल्ब अजून जागेवर. ही मात्र माझी. चाचा एकेक वायर बाहेर काढून शेजारच्या गाळ्यातल्या पोरांना हाका मारून दाखवत होते. तिसऱ्या हाकेनंतर मी मिसळ खायला निघून गेलो.

दोन दिवस लागले. नवी डायोड प्लेट, नवा कटआऊट (म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा), डॅशबोर्डपर्यंतचं वायरिंग, बॉडीला नीट अर्थिंग. बॅटरी वाचली, हॉर्न मेला. ब्रेक दाबला की आता इंडिकेटर लुकलुकत नाही. तो लुकलुकणं हा दोष होता हे आम्हाला तेव्हा कळलं. पुतण्याला समोर उभं करून चाचांनी समजावलं, “काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी.” माझ्याकडे बघितलंही नाही.

प्लसच्या केबलला लाल टेप गुंडाळली, मायनसला काळी. मग ते जरा थांबले, विचारात पडले आणि ट्रकच्या पाठीमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिणाऱ्या पेंटरला हाक मारली. त्याने बॅटरीच्या पेटीवर पिवळ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना फुलं काढून लिहिलं: ‘खोलण्याआधी फोन करा’. खाली चाचांचा नंबर. त्याचे शंभर रुपये बिलात वेगळे लावले होते, फुलांसकट.