११२ ला रेंज लागते

‘मोबाईलची ४ गुपितं, जी कंपन्या तुमच्यापासून लपवतात’ हा फॉरवर्ड ईमेलच्या जमान्यापासून फिरतोय. तेव्हा इंग्रजीत होता, आता मराठीत आलाय. शेवटी जोडलेले हात आणि ‘तुमच्या एका शेअरने कुणाचा जीव वाचेल’. त्यातले दावे थोडक्यात असे. ११२ हा नंबर थेट उपग्रहाला जोडलेला आहे, म्हणून रेंज नसली, सिम नसलं तरी जगात कुठूनही लागतो. बॅटरी संपत आली की *३३७०# दाबा, राखून ठेवलेली ५० टक्के बॅटरी सुरू होते. गाडीची चावी आत राहिली तर घरच्याला फोन लावा, त्याला रिमोट फोनजवळ धरून दाबायला सांगा, दार उघडतं. आणि फोन चोरीला गेला की *#०६# दाबा, तो कायमचा निकामी होतो.

आजवर हे वाचून मी पुढे सरकत आलो. या वेळी तो माझ्या भाच्याकडून आला. त्याच्या कॉलेजच्या ग्रुपचा सांदण दरीत उतरायचा बेत चालला होता. मी एवढंच विचारलं, की दरीजवळच्या साम्रद गावात कुणाला परतायची वेळ सांगून जाणार ना? उत्तर आलं, ‘मामा, काही झालंच तर ११२ आहे. त्याला रेंज लागत नाही.’ पुरावा म्हणून खाली हाच फॉरवर्ड. मोबाईल नेटवर्क आखण्याच्या कामात माझे केस पिकले, आणि भाचा मला हे ऐकवतो! म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडीचं आधी उरकतो. रिमोट रेडिओ लहर सोडतो, साधारण ४३३ मेगाहर्ट्झची. फोनचा माईक आवाज पकडतो, आणि साध्या कॉलमध्ये त्यातला ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पलीकडे जातो. रिमोटची लहर माईकला ऐकूच येत नाही. विषय संपला.

बॅटरीचा कोड मात्र कुणी हवेतून काढलेला नाही. काही जुन्या नोकिया फोनवर *३३७०# खरंच चालायचा, पण काम भलतंच करायचा. जीएसएममध्ये, म्हणजे टूजी मोबाईलच्या मानकात, आवाजाचे आकडे करण्याची पहिली पद्धत सेकंदाला १३ किलोबिटची, ‘फुल रेट’. पुढे ‘एन्हान्स्ड फुल रेट’ आली, १२.२ किलोबिटची, ऐकायला बरीच स्वच्छ. हा कोड ती दुसरी पद्धत सुरू करायचा. आवाज सुधारायचा आणि फोनला थोडं जास्त काम पडल्याने बॅटरी उलट लवकर उतरायची! म्हणजे फॉरवर्ड नुसता खोटा नाही, तर उलटा आहे. आजच्या फोनवर हा कोड टाकलात तर ‘इनव्हॅलिड एमएमआय कोड’ असं काहीतरी येईल. लपवून ठेवलेली बॅटरी कुठल्याच फोनमध्ये नसते.

आता ११२. इथे जरा थांबावं लागेल, कारण यातला काही भाग खरा आहे आणि त्याच्याच आडोशाने बाकीचं खोटं खपतं.

१९८० च्या दशकात युरोपात मोबाईल फोनचा नुसता बाजार मांडला होता. प्रत्येकाची यंत्रणा निराळी: नॉर्डिक देशांत एनएमटी, जर्मनीत सी-नेट्झ, फ्रान्समध्ये रेडिओकॉम २०००, ब्रिटनमध्ये टीएसीएस. सीमा ओलांडली की गाडीत बसवलेला महागडा फोन निरुपयोगी. हा गोंधळ मिटवायला युरोपातल्या टपाल-तार खात्यांच्या संघटनेने, म्हणजे सीईपीटीने, १९८२ मध्ये एक गट नेमला, ग्रुप स्पेशियाल मोबील. जीएसएम ही अक्षरं मूळची तिथली. १९८७ च्या सप्टेंबरात १३ देशांच्या ऑपरेटरांनी कोपनहेगनमध्ये करार केला, की ठरेल त्या एकाच मानकाने नेटवर्क उभारायचं. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या सोफिया अँटिपोलिसला एट्सी ही मानक संस्था सुरू झाली आणि जीएसएमचं काम तिच्याकडे गेलं. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी जीएसएमवरचा पहिला कॉल केला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला युरोपीय समुदायाच्या मंत्रिपरिषदेने ठरवलं, की सगळ्या सदस्य देशांत संकटकाळासाठी ११२ हा एकच नंबर लागला पाहिजे. ११२ आणि जीएसएम असे एकाच वेळी, एकाच खटपटीतून वाढले. एका देशातला माणूस दुसऱ्या देशात अपघातात सापडला तर त्याला तिथल्या पोलिसांचा नंबर आठवायची वेळ येऊ नये, इतका साधा हेतू. उपग्रहाचा यात कुठे संबंध आला?

आता पुरावा. टीएस २२.१०१ नावाचा दस्तऐवज आहे. तो थ्रीजीपीपी सांभाळते, म्हणजे १९९८ पासून एट्सी आणि अमेरिका, जपान, कोरिया, चीन इथल्या मानक संस्थांनी मिळून चालवलेला मंच. आपल्याकडची मानक संस्था टीएसडीएसआयही आता त्यात आहे. दस्तऐवज एट्सीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, पासवर्ड लागत नाही. कंपन्या लपवतात म्हणे! त्यातलं आपत्कालीन कॉलचं प्रकरण सांगतं, की ११२ आणि ९११ हे नंबर फोनने कायम ओळखलेच पाहिजेत. सिम नसेल तर ०००, ०८, ११०, ११८, ११९ आणि ९९९ हेही. आपला १०८ त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा. ऑपरेटर सिममध्ये किंवा नेटवर्कवरून आणखी नंबर भरू शकतो, पण सिमच नसलेल्या फोनकडून ती अपेक्षा धरू नका.

ओळखल्यावर फोन काय करतो, तेही पाहण्यासारखं आहे. जीएसएममध्ये तो ११२ हे आकडे पाठवतच नाही. ‘इमर्जन्सी सेटअप’ असा वेगळा संदेश पाठवतो, त्यात नंबरची जागाच नसते. कॉल कुठल्या नियंत्रण कक्षात न्यायचा हे नेटवर्क ठरवतं. म्हणून युरोपातल्या फोनवर ९११ दाबलं तरी मदत मिळू शकते. आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी फोन त्या क्षणी मिळेल त्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरला चिकटतो. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ दिसतं, ते हेच. फॉरवर्डमधलं खरं ते एवढंच. लॉक केलेल्या फोनवरून ११२ लागतो हेही खरं. कबूल.

पण कुणाचा तरी टॉवर हवाच. संदेश जायला ऐकणारं कुणी हवं. फोनच्या वरच्या कोपऱ्यात ‘सेवा नाही’ असेल तर कुठल्याच कंपनीचा टॉवर ऐकू येत नाहीये, आणि मग ११२ काय नि मामाचा नंबर काय, सारखेच.

तरी कुणी म्हणेल, वर उपग्रह असतील की. मानकातच त्याचं उत्तर आहे. जीएसएममध्ये फोन आणि टॉवर ठरलेल्या वेळेच्या फटीत बोलतात. फोन लांब असेल तर त्याने आपला संदेश थोडा आधी सोडायचा, म्हणजे तो वेळेवर पोचतो. हे ‘आधी’ मोजायला ० ते ६३ अशा पायऱ्या आहेत, एक पायरी सुमारे ५५० मीटरची. हिशेब करा, ३५ किलोमीटर. त्यापलीकडे साधा जीएसएम टॉवर फोनचं ऐकू शकत नाही, मग मध्ये डोंगर असो वा नसो. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतो. ज्या मानकाने फोनला ११२ ओळखायला लावलं, त्यातल्या साध्या टॉवरची पोच ३५ किलोमीटर! मी भाच्याला एवढंच पाठवलं, तर म्हणाला, ‘मग जीपीएस कसं चालतं?’ प्रश्न चांगला होता. गैरसमजाचं मूळच तिथे आहे. रेंज नसताना नकाशावरचा निळा ठिपका हलतो, म्हणून लोकांना वाटतं की फोन उपग्रहाशी बोलतोय. तो बोलत नाही, फक्त ऐकतो. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून वेळ ओरडत असतात. तुम्ही दरीत पडलाय, हे त्यांना कधीच कळत नाही.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. गेल्या काही वर्षांत खरोखर उपग्रहाला संदेश पाठवणारे फोन आलेत. आयफोन १४ ने २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिका आणि कॅनडात ही सोय सुरू केली, आणि थ्रीजीपीपीच्या १७ व्या आवृत्तीत उपग्रहाचा भाग मानकातच आला. पण ती सोय ठरावीक फोनवर, ठरावीक देशांत आहे. आपण त्या देशांत नाही. शिवाय फोन मोकळ्या आकाशाकडे धरून उपग्रह शोधावा लागतो. सांदण दरीत वर बघितलं तर दोन कड्यांच्या मधून आकाशाची एक चिंधी दिसते. तिथे नुसतं ११२ दाबून आपसूक उपग्रह लागेल, हे कुणाला सुचलं असेल?

सिम नसतानाचा दावाही अर्धाच. मानक फोनला तशी मुभा देतं, पण तो कॉल स्वीकारायचा की नाही हे त्या त्या देशावर सोडलेलं आहे. जर्मनीने जुलै २००९ पासून बिनसिमचे आपत्कालीन कॉल बंद केले, कारण टवाळखोरांचे खोटे कॉल फार येत होते. जिथे लागतात तिथेही एक अडचण आहे. सिम नाही म्हणजे नंबर नाही, आणि कॉल मध्येच तुटला तर नियंत्रण कक्ष उलटा फोन करू शकत नाही. ‘जगात कुठूनही’ याबद्दल बोलायचं तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ मध्ये सुचवलं, की एकच नंबर निवडायचा असेल तर ११२ किंवा ९११ घ्या. ती सूचना आहे, सक्ती नाही.

आपल्याकडे ११२ ची सेवा २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरू झाली आणि महाराष्ट्रातही आहे. स्मार्टफोनचं पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबून, किंवा साध्या फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरून मदत मागायची सोय २०१६ च्या नियमांनी आणली. युरोपात तर १७ मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनने ११२ लावताच स्वतःचं ठिकाण पाठवायचं, असा नियम आहे. सगळ्या छान सोयी. सगळ्यांना रेंज लागते.

‘११२ ला रेंज लागत नाही’ या एका ओळीने नुकसान किती व्हावं? ‘११२ लागतोच’ म्हणून मुलं गावात सांगत नाहीत, घरी वेळ कळवत नाहीत. अडकली की दरीत बसून तेच तीन आकडे दाबत राहतात. टॉवर शोधत राहणारा फोन बॅटरी भराभर खातो. दोन-तीनदा लागला नाही तर फोन विमान मोडवर टाका. ज्याचे हातपाय धड आहेत त्याला वाट सुरक्षित असेल तर सोंडेवर किंवा माथ्यावर पाठवा आणि तिथे पुन्हा लावा. तिथे तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी ११२ लागू शकतो, हा त्या मानकाचा खरा उपयोग. आणि उतरण्याआधी साम्रदच्या कुणाला तरी सांगा की अमुक वाजेपर्यंत वर आलो नाही तर बघायला या. शोध घ्यायचा झाला तर दोर घेऊन पहिली येणार आहेत तीच माणसं.

राहिलं *#०६#. हा कोडही मानकातला, फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, दाखवतो. तेवढंच करतो, निकामी वगैरे काही करत नाही. आयएमईआय नेटवर्कच्या काळ्या यादीत टाकला तर फोन बंद पडतो, हे बरोबर. भारतात सीईआयआर ही त्यासाठीची केंद्रीय व्यवस्था २०१९ मध्ये पहिल्यांदा महाराष्ट्रातच सुरू झाली, आणि आता सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पोलीस तक्रारीची प्रत जोडून कुणालाही अर्ज करता येतो. ती अचूक आहे असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून जास्त फोन सापडले होते. पण फॉरवर्ड म्हणतो, फोन चोरीला गेला की *#०६# दाबा. कशावर दाबू? फोन चोराकडे आहे. आज दाबा, आलेला आकडा बिलावर लिहा आणि बिल घरी ठेवा.