सव्वा तासात दिल्ली?

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज चौथ्यांदा आलाय. म्हणणं असं: मुंबई-दिल्ली हवाई अंतर 1,140 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे सव्वा तास. तिकिटावर मात्र सव्वादोन. वरचा तास कंपन्या ‘वेळेवर पोचलो’ म्हणून मिरवायला ढापतात. शिवाय अमेरिकेला जाताना मुद्दाम उत्तरेचा वळसा घालून भाडं उकळतात. आणि पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचतं.

भागाकार बरोबर आहे. पण तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसते. इथे विमान जागेवरून मागे ढकलतात तिथपासून ते दिल्लीत जागेवर लागेपर्यंतची असते. मागच्या खेपेला मी खिडकीशी बसून मोबाइलवर वेळ लावली. चाकं जमीन सोडेपर्यंत 24 मिनिटं! पुढे सहा विमानं रांगेत. आपल्याकडे धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच चालते. त्यात दिल्ली उत्तरेला आणि आपण उडतो बहुतेकदा पश्चिमेला, जुहूच्या समुद्रावर. मग उजवीकडे वळायचं. येतानाही घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून उतरायचं म्हणून पूर्वेकडून फेरा. हे 1,140 मध्ये कुठे धरलंय? आणि ताशी 900 हा वेग वर, पस्तीस हजार फुटांवरचा. दहा हजार फुटांखाली साधारण 250 नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी 460 किलोमीटर.

अमेरिकेच्या वळशाचं उत्तर घरातल्या पृथ्वीगोलावर आहे. मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो हेलसिंकीजवळून, आइसलंडवरून जातो: सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सौदी, लिबिया, मोरोक्कोवरून ‘सरळ’ गेलात तर 14,000 च्या पुढे. प्रत्यक्षातली विमानं दोऱ्यावरून तंतोतंत जात नाहीत हे खरं, पण त्याला कारण वारा आणि बंद हवाई हद्दी. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपल्या विमानांना हद्द बंद केली, तशा.

पृथ्वी फिरण्याचा मुद्दा मला सगळ्यांत आवडला. मुंबईच्या अक्षांशावर ती ताशी सुमारे 1,580 किलोमीटरने फिरते. मेसेज खरा असता तर जुहूवरून हेलिकॉप्टर सरळ वर नेऊन तासभर तरंगत ठेवलं की खाली ओमानचा किनारा आला असता. हवा पृथ्वीबरोबरच फिरते हो! फरक पडतो तो वाऱ्याने, आणि तोही उलटा. हिवाळ्यात वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. कोलकाता 1,660 किलोमीटर. विमानाचा वेग 850 आणि वारा 100 धरला तर जाताना पावणेदोन तास, परतताना सव्वादोनला थोडे कमी.

वेळापत्रकात पाच-दहा मिनिटं सैल ठेवतात, हे मान्य. पण अख्खा तास नाही. हिशोबच करायचा तर अंतराला 850 ने भागा, चढण-उतरणीची आणि वळणांची अर्धा तास भर घाला, जमिनीवरची वीस-पंचवीस मिनिटं मिळवा. दिल्लीचे होतात सव्वादोन तास.